लोकशाहीचे माप आणि पंजाबराव

एखाद्या देशाची राज्यपद्धती कितपत लोकशाहीची आहे, याचे माप काढण्याचा उद्योग आता जगात चांगलाच स्थिरावला आहे. अमेरिकेतील फ्रीडम हाउस ही संस्था १९७३ पासून दरसाल निरनिराळ्या देशांना गुण देत आली. लंडनच्या इकॉनॉमिस्ट नियतकालिकाचा संशोधन विभाग २००६ पासून साठ प्रश्न विचारून शून्य ते दहा या पट्टीवर देशांची मांडणी करतो. स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठात चालणारा व्ही-डेम प्रकल्प तर शेकडो बारीक प्रश्नांची उत्तरे जगभरच्या तज्ज्ञांकडून मागवितो. २०२१ साली यांपैकी फ्रीडम हाउसने भारताला स्वतंत्र देशांच्या वर्गातून काढून अंशतः स्वतंत्र देशांच्या वर्गात बसविले आणि व्ही-डेमने भारताची गणना निवडणुका घेणाऱ्या एकाधिकारशाहीत केली, तेव्हा आपल्याकडे मोठे वादळ उठले. केंद्र सरकारने फ्रीडम हाउसचा निष्कर्ष फेटाळला, विरोधकांनी तो उचलून धरला. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. मोजायचे ते नेमके काय?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी वऱ्हाडातील माणसाला गोटेनबर्गपर्यंत जाण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेल्या पंजाबराव शामराव देशमुख यांचे चरित्र त्याने डोळ्यांसमोर आणावे. भाऊसाहेबांचा पुतळा, त्यांच्या नावाची महाविद्यालये आणि जयंतीची भाषणे यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, त्यांच्या आयुष्यात कोणते दार कधी व कशाने उघडले, हे पाहण्याचे आपण जवळजवळ सोडून दिले आहे.

शेतकरी कुटुंबातील हा मुलगा पापळच्या प्राथमिक शाळेतून चांदूर रेल्वे व कारंजा येथे गेला, पुढे अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात आणि तेथून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२० साली तो विलायतेस गेला. एडिंबरो विद्यापीठात त्याने संस्कृत घेतले, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली आणि बॅरिस्टरीही पुरी केली. या शिक्षणापायी वडिलांच्या जमिनीवर कर्जाचा बोजा चढला, ही गोष्ट वऱ्हाडात आजही सांगितली जाते. कोल्हापुरात खुद्द छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही, यावर वाद माजून पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. अशा काळात वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा मुलगा वेदांवरच विलायतेत पंडित होऊन परत येतो, यातली गंमत त्या पिढीला आपल्यापेक्षा अधिक कळली असेल.

१९२६ मध्ये ते परतले आणि अमरावतीस वकिली करू लागले. वकिलीत त्यांचे मन फारसे रमले असे दिसत नाही. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, या मागणीवरून अमरावती ढवळून निघाली. त्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद याच शहरात भरली होती. भाऊसाहेब या चळवळीत उघडपणे उभे राहिले. अंबादेवी हे वऱ्हाडचे दैवत, आणि तिच्या दारात कोणाला उभे राहता येते हा त्या काळी सामाजिक दर्जाचा प्रश्न होता. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. याच विमलाबाई पुढे १९६७ ते १९७२ या काळात राज्यसभेच्या सदस्य होत्या. पुढल्या वर्षी भाऊसाहेब अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढविणे ही त्यांच्या अध्यक्षपदातील दोन ठळक कामे होत. कर वाढविणारा पुढारी निवडणुकीच्या राजकारणात सहसा टिकत नाही. हे टिकले.

पुढचा प्रसंग लोकशाहीचे माप काढणाऱ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. १९३० साली भाऊसाहेब मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले, असे आपण म्हणतो. कायद्याच्या भाषेत मात्र ते निवडून गेले नव्हते, सरकारने त्यांना नेमले होते. हा विरोधाभास समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हैदराबादच्या निजामाने आपल्या राज्यात ठेवलेल्या इंग्रजी अंमलाखालील फौजेचा खर्च थकविला, त्या बाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि पाठोपाठ तो कारभारापुरता मध्यप्रांताला जोडला गेला. कारभार इंग्रजांचा, पण मुलूख निजामाचा, अशी ही स्थिती होती. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हता. तेव्हा १९१९ च्या सुधारणांनी प्रांतिक कौन्सिले आली, त्या वेळी वऱ्हाडचा प्रतिनिधी त्यात बसवायचा कसा, असा पेच पडला. युक्ती अशी निघाली की, वऱ्हाडात निवडणूक रीतसर घ्यावी, मते मोजावीत, आणि जो निवडून येईल त्याची सरकारने नेमणूक करावी. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, बसत होते तेही याच रीतीने.

रॉबर्ट डाल या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९७१ साली लोकशाहीचे माप दोन रेषांवर बसविले. सत्तेसाठी खुली स्पर्धा होते काय, ही एक रेषा. आणि त्या स्पर्धेत किती लोकांना भाग घेता येतो, ही दुसरी. आज जगात चालणाऱ्या बहुतेक मापांच्या मुळाशी ही दोन सूत्रे आढळतात. ती १९३० च्या वऱ्हाडला लावून पाहावीत. स्पर्धा होती, आणि ती चुरशीची होती. भाग मात्र फार थोड्यांना होता, कारण मताचा हक्क सारा, कर व मालमत्ता यांवर बेतलेला होता; त्या कायद्याखाली ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकसंख्येत शंभरांत जेमतेम तिघांना प्रांतिक कौन्सिलासाठी मत देता येई. आणि ज्याला तेही मत होते, त्या वऱ्हाडच्या सारादात्याचे मत सरकारच्या सहीशिवाय कायद्याने पुरे होत नसे. प्रत्यक्षात ती सही नाकारली जात नसे, हे खरे. पण सही लागते याचा अर्थच असा की, हक्क मतदाराचा नव्हता. आमचे आमदार निवडून येतात काय, असा प्रश्न त्या वेळी कोणी पाठविला असता, तर वऱ्हाडातील तज्ज्ञाने कोणत्या घरात खूण केली असती? १९३५ च्या कायद्यानंतरही ही गाठ पुरती सुटली नाही. १९३६ साली निजामाशी नवा करार झाला, वऱ्हाडवरील त्याचे नामधारी स्वामित्व मान्य करण्यात आले आणि त्याच्या वारसाला वऱ्हाडचे युवराज ही पदवी मिळाली.

कौन्सिलात गेल्यावर भाऊसाहेब शिक्षणमंत्री झाले. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकप्रतिनिधींकडे सोपविलेली, तर पोलीस, महसूल व तिजोरी राखीव बाजूकडे. मंत्र्याने शाळा काढण्याचे धोरण ठरवावे आणि पैशासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे, असा तो संसार होता. देवस्थानांची संपत्ती लोकोपयोगी कामाकडे वळविण्याचे विधेयक त्यांनी याच काळात मांडले, आणि अर्थातच त्याला कडवा विरोध झाला. सावकाराच्या वहीत अडकलेल्या कुणब्याला लवादामार्फत कर्जाची तडजोड करता यावी, या विचाराचाही त्यांनी जोरदार पुरस्कार केला. मध्यप्रांताचा कर्ज-लवाद कायदा १९३३ साली झाला. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडले. मंत्री म्हणून तीन वर्षांत जे साधले, त्याहून अधिक त्यांनी मंत्रालयाबाहेर साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

कारण त्यांचे खरे काम १९३२ च्या १ जुलैला अमरावतीत स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेत आहे. तिच्या आधी त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले होते. सर्व जातींच्या मुलांनी एका छपराखाली राहावे, एका पंगतीला जेवावे आणि शिकावे, हा त्यामागील हेतू. खेड्यातल्या मुलाच्या आड येते ते हायस्कूल नव्हे, शहरात राहण्या-जेवण्याची अडचण येते, हे ज्याने स्वतः पापळ ते कारंजा ते अमरावती अशी पायपीट केली त्यालाच सुचण्यासारखे होते. पुढे या संस्थेच्या शाळा व महाविद्यालये अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ अशी साऱ्या वऱ्हाडभर पसरली. आज या भागातील कचेरीत टेबलाशी बसलेला कारकून, शाळेतला शिक्षक, तलाठी, बँकेतला रोखपाल यांना त्यांचे शिक्षण कोठे झाले असे विचारावे; किंवा त्यांच्या वडिलांचे कोठे झाले असे विचारावे. शिवाजीचे नाव इतक्या वेळा ऐकू येईल की मोजणारा थकेल. मतदाराच्या मुलाला कचेरीच्या खुर्चीपर्यंत जाता येते की नाही, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय पाहण्यांत अलीकडे थोडाफार येऊ लागला आहे. व्ही-डेमच्या मापात समतेचा एक वेगळा घटक आहे, ही चांगलीच गोष्ट; पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जाणारा आकडा बहुधा निवडणुकांचा व नागरी स्वातंत्र्याचा असतो. भाऊसाहेबांच्या हिशेबात क्रम उलटा होता. मंदिर, विहीर, वसतिगृह, शाळा, नोकरी, आणि मग कायदेमंडळ.

घटना समितीत ते मध्यप्रांत-वऱ्हाडतर्फे गेले. त्याच सुमारास, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, वऱ्हाडचे व पश्चिम महाराष्ट्राचे पुढारी अकोल्यात एकत्र आले आणि मराठी मुलखाचे दोन उपप्रांत असावेत, प्रत्येकाला स्वतःचे कायदेमंडळ असावे, असा करार त्यांनी केला. त्या पुढाऱ्यांत भाऊसाहेबही होते. हा अकोला करार पुढे कागदावरच राहिला. मोठ्या राज्यात लहान भागाचा आवाज पोचतो काय, हा त्यामागचा प्रश्न मात्र कागदाबरोबर विरला नाही.

घटना समितीत भाऊसाहेबांनी मागासलेल्या जातींना राज्यकारभारात व नोकऱ्यांत वाटा मिळावा, यासाठी सातत्याने आग्रह धरला. अनुसूचित जातीजमातींबाहेरच्या, पण शिक्षणात व नोकरीत तितक्याच मागे राहिलेल्या शेतकरी व कारागीर जातींचा विचार समितीत मांडणारे जे थोडे सदस्य होते, त्यांत त्यांचे स्थान वरचे आहे. मागास वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमण्याची तरतूद घटनेच्या ३४० व्या कलमात आली. घटना अमलात आली त्या वर्षी त्यांनी मागास वर्गांचा अखिल भारतीय संघ उभा केला. काका कालेलकरांचा आयोग १९५३ साली नेमला गेला, त्याच्या शिफारशी बासनात गेल्या, आणि मंडल आयोगाच्या शिफारशींची अंमलबजावणी जाहीर होण्यास १९९० साल उजाडले. या विलंबाचे मूल्य कोणत्याही निर्देशांकात उतरलेले नाही.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे चरित्र न राहता आरती होईल. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा भाऊसाहेबांची भूमिका संकोचाची होती. केवळ या भूमीवर जन्म झाल्याने नागरिकत्व मिळू लागले, तर ते जगातील सर्वांत स्वस्त नागरिकत्व ठरेल, असा त्यांचा आक्षेप होता. आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला व शिखाला, तो कोठेही राहात असो, भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली. फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या, हे समजून घेता येते. तरीही अंबादेवीच्या दारात जन्माची अट नाकारणाऱ्या माणसाने देशाच्या दारात धर्माची अट घालावी, हे विसंगत होते. समितीने ती दुरुस्ती स्वीकारली नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते समितीचेच बरोबर होते. लोकशाहीत लोक म्हणजे कोण, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर चुकले की पुढची सारी मोजणी चुकते.

प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. सुमारे सतरा कोटी स्त्री-पुरुषांची नावे मतदारयादीत होती, त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. ज्या माणसाने मूठभर सारादात्यांच्या मतांवर आणि सरकारी नेमणुकीवर राजकारण सुरू केले, तो आता खेड्यातल्या मजूर बाईच्या मतावर अमरावतीहून लोकसभेत गेला. १९५७ आणि १९६२ मध्येही गेला. मधली वर्षे पुरती बावीसही नव्हती. वऱ्हाडात लोकशाही किती वाढली याचे इतके सरळ माप दुसरे मिळणार नाही.

भाऊसाहेबांना देशाचे पहिले कृषिमंत्री म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. काटेकोर हिशेबात तो बरोबर नाही. त्यांच्या आधी राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम व कन्हैयालाल मुन्शी यांनी ते खाते सांभाळले होते. १९५२ नंतरही मंत्रिमंडळात अन्न व कृषी खात्याची मुख्य जागा रफी अहमद किडवई, अजितप्रसाद जैन आणि स. का. पाटील यांच्याकडे एकामागून एक गेली. शेतीचे काम दहा वर्षे भाऊसाहेबांकडे राहिले, तरी ते खालच्या पायरीवरून. आपण हा तपशील गौरवाच्या भरात झाकून टाकतो, वास्तविक तोच बोलका आहे. शेतकऱ्यांच्या देशात शेतकऱ्यांचा हा अभ्यासू प्रतिनिधी तीनदा निवडून येऊनही मुख्य टेबलाच्या कडेला बसला. मते मोजली जाणे आणि वजन पडणे या दोन गोष्टींत अंतर असते.

खालच्या पायरीवरून त्यांनी केले ते कमी नव्हे. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार त्यांनी हिरिरीने केला. १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला, तो शेतकऱ्याला पक्षाबाहेर स्वतःचे व्यासपीठ असावे म्हणून. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्याच्या उद्‌घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत भाऊसाहेबांचे निधन झाले.

त्यानंतरची एक घटना त्यांच्या चरित्राचाच भाग मानली पाहिजे. कृषी विद्यापीठ अकोल्याला व्हावे यासाठी १९६७ साली विदर्भात आंदोलन पेटले, अकोल्यात गोळीबार झाला आणि माणसे प्राणास मुकली. पश्चिम महाराष्ट्रात राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली उभे राहिले. अकोल्याचे २० ऑक्टोबर १९६९ रोजी, पंजाबरावांच्या नावाने. निवडणुका होत होत्या, वर्तमानपत्रे मोकळी होती, न्यायालये चालू होती, आणि तरी एक विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात यावे म्हणून लोकांना रस्त्यावर मरावे लागले. त्या सालचे भारताचे गुण कोणी काढले तर ते वाईट निघणार नाहीत.

देशाला एक आकडा देणाऱ्या पद्धतीची ही मर्यादा आपण आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तीही भाऊसाहेबांच्याच दोन विषयांत, जिल्ह्याचा कारभार आणि मागास वर्गांचा वाटा. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या जागा एकूण आरक्षणाच्या पन्नास टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत, असा निर्णय दिला. त्यामुळे अकोला व वाशीम यांच्यासह काही जिल्हा परिषदांतील निवडून आलेले सदस्य आपल्या जागा गमावून बसले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तेथे पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. मागास वर्गांची नेमकी आकडेवारी नाही, हे या पेचाचे एक मुख्य कारण होते. ज्या मोजणीचा आग्रह भाऊसाहेबांच्या पिढीने धरला, ती सत्तर वर्षांनंतरही अपुरीच होती. पाठोपाठ मार्च २०२२ मध्ये अमरावती जिल्हा परिषदेची आणि अमरावती व अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत संपली. निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक बसले. जुलै २०२२ मध्ये बांठिया आयोगाचा अहवाल आला, पुन्हा तारखा पडल्या, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि या दोन शहरांत महापालिकेसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे गटार कोठून काढावे, शाळेचे छप्पर कधी शाकारावे आणि पाणीपट्टी किती घ्यावी, हे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने ठरत गेले. जागतिक तक्त्यांतील भारताच्या क्रमांकावर त्या चार वर्षांत आपण पुष्कळ भांडलो. या सह्यांबद्दल फारसे कोणी भांडले नाही.